ज्युरासिक कोस्टला जायचंय? लोक सतत विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

मी साउदॅम्प्टनला राहते, आणि दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी ज्युरासिक कोस्टवरच्या लाइम रीजिस गावाच्या बाजूला जाऊन फॉसिल (दगड झालेले जुने जीव) शोधत ओल्या दगडांत डोकं खुपसून बसते. त्यामुळे ओळखीतले, त्यांच्या ओळखीतले आणि सुट्टीत आई-बाबांना कुठे न्यायचं या चिंतेत असलेले सगळे मलाच मेसेज करतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतेय. सोपे प्रश्न आधी, तिढ्याचे शेवटी.

१. ज्युरासिक कोस्ट म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हनमधल्या एक्समथजवळच्या ऑरकोम्ब पॉइंटपासून डॉर्सेटमधल्या स्वॉनेजजवळच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंत, साधारण १५४ किमी. २००१ साली युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून घेतलं, इंग्लंडमधलं निसर्गासाठी मिळालेलं ते पहिलं. हे एक गाव किंवा एक बीच नाहीये हे आधी डोक्यात घ्या, कारण लोक गूगल मॅपवर नुसतं ज्युरासिक कोस्ट टाकतात आणि मग कुठल्यातरी भलत्याच पार्किंगमधून मला फोन करतात.

२. सगळे खडक ज्युरासिकच आहेत का?

नाही. नाव सोयीचं म्हणून पडलंय. इथे ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रेटेशियस असे तिन्ही काळ लागतात, मिळून सुमारे १८.५ कोटी वर्षांचा इतिहास. टेबलावर वह्यांची चवड ठेवा आणि ती एका बाजूला जरा कलंडू द्या, तसे हे थर पूर्वेकडे कलले आहेत. म्हणून पश्चिमेला डेव्हनमध्ये सगळ्यात जुने, लालभडक ट्रायासिक खडक दिसतात. तेव्हा तिथे वाळवंट होतं, लाल रंग त्या काळातल्या लोखंडाच्या गंजाचा. मधे लाइम, चारमथ, किमरिज, पोर्टलंड हा ज्युरासिक भाग, म्हणजे उबदार उथळ समुद्राचा गाळ. पूर्वेला ओल्ड हॅरीचे पांढरे सुळके, ते क्रेटेशियस काळातला चॉक, शाळेतल्या खडूचा सख्खा भाऊ. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात तर काळात पुढे पुढे जाता. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

३. तिथे डायनासोर सापडतात ना? मुलगा डायनासोरसाठीच हट्ट धरून बसलाय.

मुलाला आत्ताच नीट समजवा, नाहीतर बीचवर रडारड होईल (आमच्याकडे झाली होती). लाइम आणि चारमथचा खडक समुद्राच्या तळाचा आहे, त्यामुळे मिळतात ते समुद्रातले प्राणी. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे मोठे सागरी सरपटणारे प्राणी, डायनासोर नव्हेत. जमिनीवरचा एखादा डायनासोर मरून वाहत समुद्रात गेला तरच इथे सापडणार, तसा एक सापडलाय, स्केलिडोसॉरस, चारमथलाच, १८५० च्या दशकात. ज्या रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं त्यानेच १८४२ मध्ये डायनासोर हा शब्द काढला. आणि त्याच ओवेनने १८४७ मध्ये आपल्या मुंबईच्या एका चिमुकल्या बेडकाच्या फॉसिलचंही वर्णन केलंय, हे सांगितलं की मुंबईकर मुलं जरा खूश होतात.

मुलाला डायनासोरच्या पावलांचे ठसे बघायचे असतील तर पूर्वेकडे पर्बेक भागात वर्थ मॅट्रॅव्हर्सजवळच्या जुन्या खाणींत खरोखरचे ठसे आहेत. तिथपर्यंत चालत जावं लागतं, स्ट्रोलर विसरा.

४. पहिल्यांदाच जातोय, एकच ठिकाण सांगा.

चारमथ. पार्किंग बीचला लागून, ओहोळासारखी छोटी चार नदी, तिच्यावर पूल, आणि बाजूलाच हेरिटेज कोस्ट सेंटर, जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत. आत गेलात की तिथले वॉर्डन आज काय सापडतंय, ओहोटी कधी, कुठल्या बाजूला जाऊ नका हे सगळं सांगतात. तुम्ही उचललेला दगड दाखवला तर तो काय आहे हेही सांगतात, आणि दहातले नऊ वेळा तो नुसताच दगड असतो. त्यांच्या गाइडेड वॉक असतात, लाइमच्या म्युझियमच्याही असतात, सुट्टीच्या दिवसांत आधी बुक करा. पहिल्या खेपेला वॉकचे पैसे देणं मला तरी पूर्ण वसूल वाटलं.

५. फॉसिल शोधायचं कसं? हातोडा लागतो का?

नवख्याला हातोडा लागत नाही. सगळ्यांची एकच चूक होते, ते कड्याकडे बघत चालतात. कडा हा डोक्यावर दगड पडायची जागा आहे, फॉसिल शोधायची जागा पायाखाली आहे. समुद्र कडा खातो, मऊ चिखल धुऊन नेतो आणि जड, टणक वस्तू मागे ठेवतो. तुमचं काम त्या धुतलेल्या मालात बघायचं.

चारमथला ओहोटीच्या वेळी पाण्याच्या जवळ जा, गोट्यांच्या मधे बारीक काळसर खडीचे पट्टे असतात तिथे उकिडवे बसा आणि हलू नका. पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग अचानक एक इवलीशी चकली दिसते, बोटाच्या नखाएवढी, पितळेसारखी चमकणारी. तो अमोनाइट, म्हणजे गोल शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्याचा फॉसिल, पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजाचा झालेला. पायराइट जड असतं म्हणून ते बाकीच्या जड खडीबरोबर एकाच पट्ट्यात गोळा होतं, एक सापडला की तिथेच अजून असतात. बेलेम्नाइट त्याहून सोपे, बंदुकीच्या गोळीसारखे किंवा टोक केलेल्या पेन्सिलीच्या तुकड्यासारखे, माखलीसारख्या प्राण्याच्या आतला टणक भाग. मुलांना हे पंधरा मिनिटांत मिळतात. ग्रायफिया नावाचे वाकडे शिंपले पण मिळतात, इंग्रज लोक त्यांना सैतानाची नखं म्हणायचे आणि एकदा बघितलंत की का ते कळेल.

हातोडा वापरणारच असाल तर बीचवर सुट्या पडलेल्या दगडावरच, डोळ्याला गॉगल लावून, आणि पोरांना लांब ठेवून. कड्यावर हातोडा अजिबात नाही.

६. कधी जावं? उन्हाळ्यात हवा छान असते ना?

हवा छान, फॉसिल कमी. उन्हाळ्यात हजारो डोळे आधीच फिरून गेलेले असतात आणि समुद्र शांत असल्यामुळे नवा माल येत नाही. डिसेंबर ते मार्च, नैर्ऋत्येकडून वादळ येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी, हा खरा सीझन. नाक गळतं, बोटं बधिर होतात, पण मिळतं. आई-बाबा भारतातून आले असतील तर मे किंवा सप्टेंबरच बरा, त्यांना अमोनाइटपेक्षा ऊन जास्त हवं असतं.

७. भरती-ओहोटीचं इतकं का सांगतात? आम्ही कोकणातले आहोत, समुद्र माहितीये आम्हाला.

माझे सासरे पण हेच म्हणाले होते. कोकणात भरती आली की मागे पुळण असते, सुरूचं बन असतं, आपण मागे सरकतो. इथे मागे सरळ उभा कडा आहे, तोही चिखलाचा. लाइम आणि चारमथच्या मधे भरतीला पाणी कड्याला टेकतं आणि मधला माणूस अडकतो. म्हणून ओहोटी सुरू असताना उतरायचं आणि भरती लागायच्या आत परतायचं. भरतीची वेळ आदल्या रात्रीच नेटवर बघून ठेवा, बीचवर रेंज मिळेलच असं नाही. कड्याच्या पायथ्याशी जो ओला चिखल वाहून आलेला असतो त्यावर पाय देऊ नका, वरून कोरडा दिसतो पण मांडीपर्यंत आत जाता येतं.

अजून एक. लाइमच्या पूर्वेला स्पिटल्स म्हणून भाग आहे, तिथे गावाचा जुना कचरा डेपो होता. मे २००८ मध्ये मोठी दरड आली आणि तो कचरा बीचवर उतरला. अजूनही फुटक्या काचा, कपबशांचे तुकडे, गंजलेलं लोखंड मिळतं, म्हणून पोरांना चपलांवर नेऊ नका.

८. दरडी खरंच इतक्या कोसळतात का, की उगाच बोर्ड लावलेत?

बोर्ड उगाच नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सीटाउनजवळ सुमारे ४००० टन खडक खाली आला. २०१२ मध्ये बर्टन ब्रॅडस्टॉकला दरडीखाली एका तरुणीचा जीव गेला, आणि तो वेस्ट बेकडचा सोनेरी कडा दिसायला इतका देखणा आहे की लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात आणि डबे उघडून बसतात. पाऊस पडल्यावर जास्त धोका, पण कोरड्या दिवशीही पडतात. कड्याची जेवढी उंची तेवढं तरी लांब राहा, जमलं तर जास्तच.

जुनी एक गोष्ट माझ्या आवडीची आहे. १८३९ च्या नाताळात लाइमच्या पश्चिमेला बिंडनला जमिनीचा अख्खा तुकडा सुटून समुद्राकडे सरकला, मधे खोल दरी पडली. सरकलेल्या तुकड्यावर आधीच गहू पेरलेला होता. तो पुढच्या उन्हाळ्यात पिकला आणि कापणी बघायला हजारो लोक जमले. दरड पर्यटनाची सुरुवात म्हणा हवं तर.

९. मग सरकार भिंत बांधून कडा थांबवत का नाही?

गावापुरती भिंत आहे, लाइम रीजिसला समुद्राच्या बाजूने भरपूर काम केलंय, नाहीतर गावच गेलं असतं. पण बाकीचा कडा मुद्दाम मोकळा सोडलाय. कडा ढासळतो म्हणून नवे फॉसिल बाहेर येतात आणि थर स्वच्छ दिसतात, याच कारणासाठी त्याला वारसा म्हटलंय. काँक्रीट ओतलं तर दहा वर्षांत झाडोरा वाढून सगळं झाकलं जाईल. वर ज्यांची शेतं आणि घरं आहेत त्यांना हे पटवणं सोपं नाही आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण शास्त्राच्या बाजूने उत्तर असंच आहे.

१०. मेरी ॲनिंग कोण? तिथे जिकडे तिकडे तिचंच नाव दिसतं.

दिसायलाच हवं, हयात असताना फार दिसलं नाही. जन्म १७९९, लाइम रीजिस. वडील सुतार, फर्निचर बनवायचे आणि जोडीला बीचवरचे फॉसिल पर्यटकांना विकायचे. १८१० मध्ये ते गेले आणि मागे कर्ज ठेवून गेले. १८११ मध्ये भाऊ जोसेफला एक मोठी कवटी सापडली, पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधला, इक्थिओसॉरचा, तेव्हा ती १२-१३ वर्षांची. तो सुमारे २३ पौंडांना विकला गेला. १८२३ मध्ये पूर्ण प्लेसिओसॉर, त्याची मान इतकी लांब की पॅरिसच्या कुविए या नामांकित शास्त्रज्ञाला आधी ते खोटं वाटलं. १८२८ मध्ये उडणारा सरपटणारा प्राणी. पोटातल्या दगडांच्या गोळ्या म्हणजे प्राण्यांची विष्ठा आहे हे बकलंड या भूशास्त्रज्ञाने जगाला सांगितलं, पण सांगाड्यात त्या गोळ्या कुठे असतात हे बघून ठेवलेलं होतं तिने.

मोठमोठे साहेबलोक तिच्याकडून फॉसिल विकत घ्यायचे, तिच्याबरोबर बीचवर फिरून शिकायचे आणि लंडनला जाऊन स्वतःच्या नावाने पेपर वाचायचे. जिऑलॉजिकल सोसायटीत तिला प्रवेशच नव्हता, बायकांना तिथे सभासद करायला १९१९ उजाडलं. १८३३ मध्ये दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गेला, ती थोडक्यात वाचली. १८४७ मध्ये कॅन्सरने गेली. आजचं लाइम म्युझियम तिच्या घराच्या जागेवर उभं आहे आणि मे २०२२ मध्ये तिचा पुतळा बसलाय, शेजारी ट्रे पण आहे. सेंट मायकल चर्चमध्ये तिची कबर आहे, लोक तिथे फुलांच्या जागी छोटे फॉसिल ठेवतात. मी पण एक बेलेम्नाइट ठेवून आले.

११. सापडलेलं घरी नेता येतं का? कायद्याने चालतं?

लाइम-चारमथ भागात बीचवर सुटं पडलेलं उचललं तर चालतं, कारण नाही उचललं तर पुढच्या वादळात समुद्र त्याचा चुरा करतो. या भागासाठी फॉसिल गोळा करण्याची एक आचारसंहिता आहे. शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडलं (हाडांचा सांगाडा, मासा, वेगळंच काही) तर चारमथच्या सेंटरमध्ये नोंद करायची. तुमच्याकडून कोणी हिसकावून घेत नाही, फक्त नोंद. कड्यात अडकलेलं स्वतः खणून काढायचं नाही, त्याला जमीनमालकाची परवानगी लागते. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि सेंटरला सांगा.

१२. म्हणजे सगळ्या किनाऱ्यावर हाच नियम?

नाही, आणि इथेच लोक फसतात. चेसिल बीचचे गोटे उचलायला बंदी आहे. पोराच्या खिशातला एक गोटा कोणी बघत नाही हे खरं, पण कुंड्यांसाठी पिशवी भरू नका. बडली सॉल्टर्टनच्या गुळगुळीत गोट्यांचंही तेच, ते मुळात आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या खडकातून नदीने वाहून आणलेले, ४० कोटी वर्षांहून जुने आहेत. किमरिजला जमीन खासगी मालकीची आहे, हातोडा काढू नका. लाइमच्या पश्चिमेला मॉन्मथ बीचवर खडकात मोठमोठे अमोनाइट पसरलेत, काही गाडीच्या चाकाएवढे. ते बघायचे, हात फिरवायचा, शेजारी झोपून फोटो काढायचा आणि तिथेच ठेवायचे. छिन्नी घेऊन आलेले महाभाग मी स्वतः बघितलेत, काही अमोनाइटवर आता नुसते घाव उरलेत.

१३. प्रश्न २ मध्ये म्हणता पूर्वेला नवे खडक, मग डेव्हनमध्ये बीअर गावाला पांढरा चॉक कसा?

छान प्रश्न, हा मला एका दहावीतल्या मुलीने विचारला होता. जुने थर आधी कलले. मग त्यांची वरची बाजू झिजून सपाट झाली, आणि त्या सपाट झालेल्या भागावर क्रेटेशियस काळात समुद्र पुन्हा चढला आणि नवे थर आडवे पसरले. कलंडलेल्या वह्या वरून सुरीने सपाट कापल्या आणि त्यावर एक चादर घातली असं समजा. ती चादर बऱ्याच ठिकाणी फाटून गेलीये, काही ठिकाणी उरलीये. बीअरचा चॉक हा उरलेला तुकडा. गोल्डन कॅप, १९१ मीटर, हा दक्षिण किनाऱ्यावरचा सगळ्यात उंच कडा, त्याच्या डोक्यावरची सोनेरी टोपी हीसुद्धा त्याच चादरीची, खाली मात्र काळपट ज्युरासिक चिखल.

१४. डर्डल डोअर आणि लुलवर्थला फॉसिल मिळतात का?

तिथे फॉसिलसाठी जाऊ नका, डोळ्यांसाठी जा. जमीन तिथे उभी दुमडली गेलीये, आफ्रिका युरोपवर रेटली जाऊन आल्प्स उभे राहिले त्या धक्क्याची ही लांबची लाट. किनाऱ्यालगत टणक चुनखडीची भिंत, मागे मऊ माती. भिंतीला भोक पडलं की समुद्र आतली माती खाऊन टाकतो आणि गोल खाडी बनते, ती लुलवर्थ कोव्ह. भिंतीचा उरलेला तुकडा कमान झाला की डर्डल डोअर. कमानीवरून उडी मारायचा व्हिडिओ बघून कोणाला हुरूप आला असेल तर २०२० मध्ये तिथून हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलेले लोक आठवा. पार्किंगपासून उतार भयंकर आहे, गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच बघावं.

लुलवर्थच्या पूर्वेला फॉसिल फॉरेस्ट आहे, मला ही जागा फार आवडते. साधारण १४.५ कोटी वर्षांपूर्वी जंगल पाण्याखाली गेलं, बुंध्यांभोवती शेवाळासारख्या जिवांनी चुन्याचे थर चढवले. लाकूड बहुतेक गेलं, दगडाची गोल कडी राहिली. म्हणजे झाड गेलं आणि आळं राहिलं! पण हा भाग आर्मीच्या फायरिंग रेंजमध्ये येतो, बहुतेक वीकेंडला आणि शाळांच्या सुट्टीत उघडा असतो, आधी वेळा तपासा. टाइनम हे डिसेंबर १९४३ मध्ये युद्धासाठी रिकामं केलेलं गाव त्याच रेंजमध्ये आहे, गावकरी परत कधीच आले नाहीत.

१५. पाऊस असेल तर?

असणारच. किमरिजला एचेस कलेक्शन म्युझियम आहे. स्टीव्ह एचेस पेशाने प्लंबर, आयुष्यभर फावल्या वेळात फॉसिल गोळा केले, २०१६ मध्ये त्यांचं म्युझियम उभं राहिलं. कड्यातून दोरीला लटकून काढलेली सुमारे २ मीटरची प्लायोसॉरची (समुद्रातल्या मोठ्या शिकारी सरपटणाऱ्या प्राण्याची) कवटी तिथेच आहे. तिच्या दातांसमोर उभं राहिलं की प्रश्न ३ मधल्या मुलाला डायनासोर नसल्याचं दुःख राहत नाही. तिथल्याच कड्यावर साठहून जास्त वर्षं तेलाचा पंप मान हलवत उभा आहे, किमरिजच्या याच काळ्या खडकातून उत्तर समुद्रातलं तेल आलं.

१६. गाडीशिवाय जमतं का? आणि शाकाहारी खायला?

जमतं. लंडन वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टरला ट्रेन, पुढे लाइमला बस. लुलवर्थसाठी वूल स्टेशन. हिवाळ्यात बस कमी असतात, शेवटची बस बघून ठेवा. खाण्यात चिप्स मिळतात, पण कुठल्या तेलात तळल्यात ते विचारा, काही दुकानांत प्राण्यांच्या चरबीत तळतात. क्रीम टी (चहाबरोबर स्कोन नावाचा गोडसर पाव, क्रीम आणि जॅम) मात्र बिनधास्त. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम मग जॅम, यावरून तिथे भांडणं होतात, आपण पडू नये. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो.

१७. अमोनाइट म्हणजे आपला शाळिग्रामच ना?

प्राण्याचा गट तोच, जागा आणि काळ वेगळा. चक्रवाला शाळिग्राम नेपाळमध्ये गंडकीच्या पात्रात मिळतो, तो हिमालयात वर उचलल्या गेलेल्या ज्युरासिक समुद्रतळातला अमोनाइट. लाइमचे त्याहूनही जुने, साधारण १९ ते २० कोटी वर्षांचे. चारमथला आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने सापडलेला अमोनाइट आधी कपाळाला लावला, मग पिशवीत टाकला.

१८. मग आपल्या कोकणात का नाही मिळत?

कारण आपला किनारा बहुतेक लाव्हाचा. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तप्त रस, त्यात समुद्री प्राणी कुठून टिकणार. अमोनाइट नेमके त्याच सुमारास जगातून संपले. मुंबईचा तो बेडूक (प्रश्न ३) लाव्हाच्या दोन थरांमधे साठलेल्या गोड्या पाण्याच्या गाळातला. भारतात ज्युरासिक अमोनाइट बघायचे तर कच्छ.

१९. सापडलेला अमोनाइट भारतात गिफ्ट न्यावा का?

चुनखडीतला असेल तर खुशाल न्या. सोनेरी पायराइटवाला नेऊ नका. मी डोंबिवलीच्या मावशीला एक सुंदर नेला होता, छोट्या डबीत कापसावर ठेवून. तिने तो देवघरात ठेवला. पायराइटला दमट हवा सोसत नाही, ओल लागली की त्यातून आम्ल सुटतं. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला की तुझ्या देवाला काहीतरी झालंय, खालचा कापूस जळल्यासारखा झालाय आणि फटाक्यासारखा वास येतोय. डबीत राखाडी पूड उरली होती. इथे इंग्लंडमध्येसुद्धा ते सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवावे लागतात. पुढच्या खेपेला मी तिच्यासाठी चांगला बोटभर लांब बेलेम्नाइट नेला, तो कशानेही खराब होत नाही. तिने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, पेन्सिल काय आणलीस, आधीची चकलीच बरी होती.